गोठ्यातल्या मिथेनचा हिशेब

एक टन कार्बन डायऑक्साइड, किंवा त्याच्या तोडीचा दुसरा एखादा हरितगृह वायू, वातावरणात जाण्यापासून अडवला आणि तो खरोखर अडवला गेल्याचे एका स्वतंत्र तपासनीस संस्थेला पटवून दिले, की एक कार्बन क्रेडिट मिळते. यातले पहिले काम अभियंत्याचे आहे आणि दुसरे हिशेबनिसाचे. गोव्यातील काही दुभत्या जनावरांच्या गोठ्यांवर बायोगॅस संयंत्रे उभारून ही दोन्ही कामे तडीस नेताना मला जे शिकायला मिळाले, ते येथे लिहून ठेवत आहे. या व्यवसायाबद्दल जे बोलले जाते त्यात क्रेडिटच्या भावाची चर्चा फार होते आणि क्रेडिट तयार कसे होते याची फार थोडी, म्हणून ते लिहिणे मला आवश्यक वाटले.

मी मूळचा यंत्र अभियंता. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतील अनेकांप्रमाणे मलाही दुसरा मार्ग पाहावा लागला आणि पंप, बॉयलर, सौर पाणीतापक यांची कामे घेता घेता एक लहानशी फर्म उभी राहिली. त्याच काळात आमच्या परिसरात ट्रक विकून गाई घेणारी घरे वाढली. दहा-पंधरा जनावरांचे, पुढे पन्नास-साठ जनावरांचे गोठे झाले, आणि पूर्वी शेणाची गोवरी थापणाऱ्या किंवा ते कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, टाकणाऱ्या घरांना रोज निघणाऱ्या शेणाचे काय करावे हा प्रश्न पडू लागला. मजुरी वाचवण्यासाठी गोठा पाण्याच्या पाइपने धुवायचा आणि ते सारे पाणी मागच्या खड्ड्यात सोडायचे, ही रीत सर्वत्र रूढ झाली. पावसाळ्यात हे खड्डे भरून वाहतात आणि ते पाणी ओहोळात उतरते, याबद्दल शेजाऱ्यांच्या तक्रारी पंचायतीत येतच होत्या.

आमच्या दूध संस्थेच्या चेअरमननी मला बोलावले ते याच संदर्भात. “इंजिनियर बाब, शेणाचे क्रेडिट मिळते म्हणून कोणी तरी सांगून गेला. तुम्ही नीट हिशेब करून सांगा. नफा नसला तरी चालेल, पण लोकांना फशी पाडणारे काही नको,” असे ते म्हणाले. त्यांची शंका निराधार नव्हती. क्योटो करार २००५ मध्ये अमलात आल्यावर त्यातील स्वच्छ विकास यंत्रणेखाली, म्हणजे सीडीएमखाली, सर्वाधिक प्रकल्प नोंदवणाऱ्या देशांत चीनच्या खालोखाल भारत होता. २००८ मध्ये त्या क्रेडिटचा भाव वीस युरोच्या घरात गेला होता आणि २०१२ संपताना तो एका युरोच्याही खाली आला. ज्यांनी त्या भावावर कर्जे काढली होती त्यांचे काय झाले असेल, हे चेअरमन भाईंना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. खनिजाच्या भावावर ट्रकांची कर्जे काढलेला तालुका त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

म्हणून भावाचा विचार बाजूला ठेवून आम्ही आधी टन मोजायला घेतले. सुरुवात घरगुती गोबर गॅसपासून केली, कारण देशात बायोगॅस क्रेडिटचे बहुतेक प्रकल्प त्याच धाटणीचे आहेत. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे पन्नास किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे लागतात. आता प्रश्न असा की, हे संयंत्र नसते तर त्या घरात काय जळले असते? या ‘नसते तर’ स्थितीलाच या व्यवसायात बेसलाइन म्हणतात, आणि क्रेडिटची सारी किंमत तिच्यावर ठरते. चुलीवर सगळा स्वयंपाक होणाऱ्या मुलखात गोबर गॅस आला की लाकूड वाचते आणि हिशेब मोठा होतो. गोव्यात मात्र नव्वद टक्क्यांहून अधिक घरांत स्वयंपाकाचा गॅस आहे. एक किलो एलपीजी जळला की जवळजवळ तीन किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो. वर्षाला दहा सिलिंडर वाचले असे धरले तरी अर्धा टनसुद्धा भरत नाही.

आमच्याकडे चूल पूर्णपणे गेलेली नाही, हेही खरे. न्हाणीत आंघोळीच्या पाण्याचे भाण तापते ते लाकडावर, भात उकडायचे तेही लाकडावर, आणि गुरांचे आंबोण शिजते तेही तसेच. पण त्या चुलीत जाते काय? माडाची चुडते, नारळाची कवडे, सुपारीची पोवली, काजूच्या छाटलेल्या फांद्या. ही सगळी दर वर्षी पुन्हा येणारी आहेत, त्यांच्यामुळे जंगल तुटत नाही, आणि जे लाकूड पुन्हा उगवते ते वाचवल्याचे श्रेय क्रेडिटच्या हिशेबात मिळत नाही. एकूण जळणापैकी किती भाग अपुनर्भव, म्हणजे पुन्हा न उगवणारा, आहे याचे प्रमाण लावूनच आकडा काढावा लागतो. स्थानिक अभ्यास नसेल तर सीडीएमच्या नियमांत ०.३ हे सावध प्रमाण दिलेले होते. काही प्रकल्पांनी आपापल्या प्रदेशासाठी ०.८ आणि ०.९ अशी प्रमाणे लावून क्रेडिट घेतली आणि त्यावर पुढे बरीच टीका झाली. गोव्याच्या ग्रामीण भागात ०.३ हेच मला अधिक वाटते, आणि त्याहून वरचा आकडा कागदावर लिहायला मी तयार नव्हतो.

या हिशेबाला आणखी एक वजाबाकी होती, आणि तिनेच घरगुती संयंत्राचा प्रश्न निकाली काढला. संयंत्रातून काही गॅस गळतोच, तो मुख्यतः मिथेन असतो, आणि मोजमाप नसेल तर तयार होऊ शकणाऱ्या मिथेनच्या दहा टक्के गळती गृहीत धरावी असा दंडक आहे. मिथेनची तापवण्याची ताकद शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट धरली जाते. दोन घनमीटरच्या संयंत्राची दहा टक्के गळती वर्षाला साधारण आठशे किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीची होते. सिलिंडर वाचवून मिळवलेले सगळे त्यात बुडून वरून कर्ज व्हावे, अशी ही स्थिती. शेण कोरडे ढिगात पडून राहिले तर त्यातून जो थोडा मिथेन निघतो, त्याचे श्रेय जोडूनही एका घराच्या वाट्याला नाव घेण्यासारखे काही उरत नव्हते. घरगुती गोबर गॅस चांगला आहे, तो जरूर बांधावा, पण गोव्यात तो क्रेडिटसाठी बांधू नये, हे मी संस्थेच्या बैठकीत आकड्यांसह मांडले. मिळणारी रक्कम हजारांत सांगत फिरणाऱ्या एका मध्यस्थाला त्यानंतर आमच्या भागात फारसे कोणी उभे केले नाही.

मग आम्ही मोठ्या गोठ्यांच्या मागच्या खड्ड्यांकडे वळलो, आणि तेथे चित्र एकदम बदलले. शेण कोरड्या ढिगात असते तेव्हा त्यात हवा खेळते आणि मिथेन फार थोडा तयार होतो. आपल्या उपखंडातील दुभत्या गाईसाठी हवामान बदलाच्या आंतरशासकीय समितीने, म्हणजे आयपीसीसीने, तो वर्षाला पाच-सहा किलो इतकाच धरला आहे. तेच शेण पाण्याबरोबर खोल खड्ड्यात गेले की हवा तुटते. गोव्यासारख्या सत्तावीस अंश सरासरी तापमानाच्या उबदार प्रदेशात त्या शेणाच्या मिथेन-क्षमतेपैकी सुमारे ऐंशी टक्के वायू खरोखर बाहेर पडतो असे त्याच समितीचे कोष्टक सांगते. त्यानुसार एका गाईमागे वर्षाला साठ-पासष्ट किलो मिथेन, म्हणजे जवळपास १.८ टन कार्बन डायऑक्साइडची बरोबरी होते. गाय तीच आणि शेणही तेच. फक्त झाडूऐवजी पाण्याचा पाइप हाती आला म्हणून उत्सर्जन दहा-बारा पट. संकरित गाईचे वजन कोष्टकातल्या गाईपेक्षा जास्त असते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून वर जाऊ शकतो. पण वजन करून ते सिद्ध करण्याचा खर्च पाहता आम्ही कोष्टकच कायम ठेवले.

शेणखताच्या मिथेनसाठी सीडीएमची जी लघुप्रकल्प कार्यपद्धती आहे तिच्या अटी स्पष्ट आहेत. खड्डा किमान एक मीटर खोल हवा आणि त्यात शेण महिन्याहून अधिक काळ राहत असले पाहिजे. काही गोठ्यांचे खड्डे उथळ होते, काहींमधून आठवड्याला टँकरने उपसा करून स्लरी, म्हणजे शेणाचे पातळ मिश्रण, कुळागरात नेली जात होती. असे गोठे आम्ही वगळले. वगळलेल्यांपैकी एका घरच्या काकी रागावल्या. त्यांचे म्हणणे असे की, जो नीट वागला, ज्याने खड्डा साचू दिला नाही, त्याला काहीच नाही आणि ज्याने घाण साचवली त्याला पैसे. या आक्षेपाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते आणि आजही नाही. घट मोजायची तर आधी काही तरी जास्त असावे लागते, ही या सगळ्या व्यवस्थेच्या मुळाशी असलेली गोष्ट आहे आणि ती न्यायाला धरून आहे असे मला वाटत नाही. संस्थेने पुढे आपल्या वाट्यातून अशा गोठ्यांना स्लरी वाहून नेण्याच्या खर्चासाठी काही रक्कम बाजूला काढली, ती त्या काकींच्या बोलण्यामुळेच.

पात्र ठरलेल्या गोठ्यांत मिळून सुमारे सहाशे जनावरे होती. कार्यपद्धतीतील सहा टक्के अनिश्चिततेची कपात, गळतीची वजाबाकी आणि खड्ड्यात न जाता कोरडे उचलले जाणारे शेण वगळून वर्षाला सातशे-आठशे क्रेडिटची शक्यता दिसत होती. क्रेडिटला सहाशे रुपये धरले तर रक्कम साडेचार लाखांच्या आसपास होते. प्रकल्पाच्या पहिल्या तपासणीसाठी मान्यताप्राप्त तपासनीस संस्थांकडून जी दरपत्रके आली, त्यांतील प्रत्येक याहून मोठ्या रकमेचे होते. नोंदणीचे शुल्क, मीटर आणि दर फेरीची पडताळणी हे खर्च त्यानंतर येतात. गोव्यासारख्या लहान राज्यात या धंद्याची खरी अडचण येथे आहे. आपली जमीन, आपले गोठे, आपली जंगले सगळे तुकड्या-तुकड्यांत आहे आणि तपासणीचा खर्च मात्र टनांकडे पाहून कमी होत नाही.

यातून मार्ग एकच होता. अनेक ठिकाणच्या लहान प्रकल्पांना एका छत्राखाली नोंदवण्याची सोय नियमांत आहे. एकदा छत्र मंजूर झाले की नवे घटक त्यात जोडता येतात आणि तपासणीचा खर्च सर्वांवर वाटला जातो. दूध संस्था चालवणाऱ्यांना ही कल्पना समजावून सांगावी लागली नाही. गावातील संकलन केंद्रावर प्रत्येकाचे दूध एकाच टाकीत जाते, पण जाण्यापूर्वी प्रत्येकाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरणारे घनपदार्थ) वेगळे मोजले जाते आणि बिल त्यानुसार निघते. येथेही नेमके तेच करायचे होते. दक्षिणेतील राज्यांत आधीच असा कार्यक्रम चालवणाऱ्या एका विकासक कंपनीशी बोलणी सुरू झाली. तिचा कार्यक्रम गोल्ड स्टँडर्ड या मानकाखाली होता. २००३ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि इतर संस्थांच्या पुढाकाराने सुरू झालेले आणि जिनिव्हाहून चालणारे हे मानक उत्सर्जन-घटीच्या उद्दिष्टासह किमान तीन शाश्वत विकास उद्दिष्टांना हातभार लागतो हे दाखवायला लावते, आणि सेवा पुरवणाऱ्या प्रकल्पांना पाच वर्षांची मुदत दोनदा वाढवून देते.

विकासकाने पाठवलेला कराराचा पहिला मसुदा वाचल्यावर मात्र मी तो फोंड्याच्या एका वकिलांकडे नेला. पंधरा वर्षे क्रेडिटवर विकासकाचा एकट्याचा हक्क, शेतकऱ्याला प्रत्येक क्रेडिटमागे ठरावीक आणि अगदी अल्प रक्कम, भाव वाढला तरी ती न वाढणारी. आणि ठरलेली क्रेडिट निघाली नाहीत तर तुटीची भरपाई गोठ्याच्या मालकाने करायची, अशी त्याची रचना होती. गाई आजारी पडल्या, चारा महागला, मुलाने गोठा चालवायचा नाही असे ठरवले, तरी करार मानगुटीवर. आम्ही संस्थेच्या नावाने वाटाघाटी केल्या. शेतकऱ्याचा वाटा विक्रीच्या प्रत्यक्ष किमतीच्या टक्केवारीत असावा, विक्रीची पावती संस्थेला दाखवावी, तुटीची जबाबदारी शेतकऱ्यावर नसावी, आणि गोठा बंद झाल्यास तीन महिन्यांच्या सूचनेने बाहेर पडता यावे, या चार गोष्टींवर आम्ही ठाम राहिलो. बोलणी बरीच लांबली. शेवटी जो करार झाला तो इंग्रजीबरोबर मराठीतही तयार करून घेतला, आणि दोन्हींत फरक निघाल्यास मराठी मजकूर ग्राह्य धरावा असे कलम त्यात घातले. संस्थेच्या मागे शंभर सह्या आहेत म्हणूनच हे शक्य झाले; एकटा शेतकरी असता तर त्याला मसुदा आहे तसा घ्यावा लागला असता.

काम सुरू करण्यापूर्वी स्थानिक लोकांची सभा घेणे गोल्ड स्टँडर्डमध्ये सक्तीचे आहे आणि त्यानंतर अभिप्रायासाठी दोन महिने द्यावे लागतात. अनेक ठिकाणी हा निव्वळ उपचार होतो असे ऐकले होते. आमच्याकडे सभा पंचायतीच्या सभागृहात, दुपारचे दूध काढण्याच्या वेळेआधी ठेवली, त्यामुळे बायका मोठ्या संख्येने आल्या, आणि सभेचा सगळा उपयोग त्यांच्यामुळेच झाला. शेण कालवायचे काम कोणाच्या अंगावर येणार, हा पहिला प्रश्न. नकाशात मिश्रणाची टाकी गोठ्यापासून लांब दाखवली होती, “म्हणजे पावसात शेणाची पाटी डोक्यावर घेऊन आम्ही चालायचे ना?” असे एका वहिनींनी विचारल्यावर टाकी गोठ्याच्या गटारालाच जोडायची असे तेथेच ठरले. दुसरा प्रश्न डासांचा, तिसरा विहिरीचा. विहिरीपासूनचे अंतर वाढवण्यासाठी दोन ठिकाणची जागा बदलली. हे सगळे इतिवृत्तात लिहिले, आणि तपासनीस आला तेव्हा त्याने तेच इतिवृत्त हाती धरून बदललेल्या टाक्या पाहिल्या.

तपासणीत सर्वांत कसोटी लागते ती अतिरिक्ततेच्या प्रश्नावर. क्रेडिटच्या पैशाविना हा प्रकल्प झालाच असता, तर क्रेडिट देण्याचे कारण उरत नाही. बायोगॅसमुळे सिलिंडर वाचतात, स्लरी माड-पोफळीला उत्तम. मग हे काम फायद्याचेच नाही का? तपासनिसाचा हा प्रश्न रास्त होता. लहान घटकांसाठी नियमांत सवलत आहे: प्रत्येक घटकाची घट वर्षाला ६०० टनांच्या आत असेल आणि लाभार्थी कुटुंबे किंवा लघुउद्योग असतील, तर अतिरिक्तता आपोआप मान्य होते, आणि आमचा सर्वांत मोठा गोठाही या मर्यादेच्या बराच खाली होता. पण कायद्याने जे करणे भाग आहे त्याला क्रेडिट मिळत नाही, ही अट तरीही उरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये दुग्धव्यवसाय आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. त्यांत शेणाच्या विल्हेवाटीसाठी कंपोस्ट, गांडूळखत, बायोगॅस असे अनेक पर्याय आहेत, एकट्या बायोगॅसची सक्ती नाही. ती तत्त्वे, आणि आमच्या भागात प्रत्यक्ष काय चालते याची छायाचित्रे, दोन्ही जोडावी लागली. काहींनी घेतलेले सरकारी अनुदानही उघड करावे लागले. ते लपवावे असे सुचवणारे लोक भेटतात. त्यांचे ऐकले तर आज ना उद्या सगळा प्रकल्पच नोंदवहीतून निघू शकतो.

संयंत्रे उभी राहिली ती उन्हाळ्यात, आणि पहिल्याच पावसाळ्याने मोजमापाचे काम किती अवघड आहे ते दाखवले. येथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो. कार्यपद्धतीनुसार क्रेडिट दोन आकड्यांपैकी जो कमी असेल त्यावर मिळते: एक, खड्ड्यातून जो मिथेन निघाला असता त्याचा अंदाज, दुसरा, जो मिथेन पकडून प्रत्यक्ष जाळला त्याचे मीटरवरचे मोजमाप. म्हणजे जो गॅस मीटरमधून गेला नाही तो झालाच नाही असे समजायचे. बायोगॅस ओला असतो, नळीत पाणी साचते आणि मीटर अडतो. त्यातील हायड्रोजन सल्फाइड मीटरच्या आतले धातूचे भाग खातो. नळीच्या सर्वांत खालच्या जागी पाणी काढण्याचे सापळे बसवले, गॅस लोखंडाच्या किसातून गाळून घेतला, आणि कीस बदलण्याचा दिवस दूध संस्थेच्या फलकावर लिहायला सुरुवात केली. वीज कोसळून एका ठिकाणचा डिजिटल मीटर गेला, तेव्हापासून रोजचा आकडा वहीतही लिहून त्याचे छायाचित्र पाठवण्याची पद्धत ठेवली. ही नोंद ठेवण्यासाठी गावातील दोन मुलींना पगारावर नेमले. त्या संगणकावर शिकलेल्या आहेत, आणि एखाद्या गोठ्याचा आकडा अचानक घसरला की जनावर आजारी आहे की नळी फुटली, हे फोन करून त्याच विचारतात. या व्यवसायात गावात टिकणारा रोजगार कोणता, असे कोणी विचारले तर मी या कामाकडे बोट दाखवीन.

आणखी एक अडचण अनपेक्षित होती. साठ जनावरांच्या गोठ्यातून निघणारा गॅस एका घरात संपत नाही. वापरला नाही तर तो सुटतो, आणि सुटलेला मिथेन जितका घातक तितकाच हिशेबातही वजा. आंबोण शिजवणे, दुधाचे कॅन धुण्यासाठी पाणी तापवणे, कडबाकुट्टीसाठी जनरेटर, इतके करूनही दिवाळीनंतर जेव्हा गॅस भरपूर होतो तेव्हा काही उरायचा. तीन गोठ्यांवरून शेजारच्या घरांना नळी टाकली; उरलेल्या ठिकाणी ज्योतीने जाळण्याची सोय केली. नुसता जाळलेला गॅस पाहून वाईट वाटते, पण वातावरणाच्या दृष्टीने तो सुटण्यापेक्षा जळलेला केव्हाही बरा.

पहिल्या पडताळणीत नमुना-पद्धतीने गोठे निवडले गेले. कोणते निवडले हे तपासनीस आदल्या दिवशीपर्यंत सांगत नाही. वहीतील आकडे, मीटरची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रे, जनावरांच्या कानातील बिल्ल्यांचे क्रमांक आणि दूध संस्थेची देयके हे सगळे एकमेकांशी जुळते का, हे त्याने पाहिले. दूध संस्थेचे रजिस्टर आमच्या कामी सर्वांत जास्त आले. गाई खरोखर आहेत याचा त्याहून चांगला पुरावा नाही. अंदाजापेक्षा क्रेडिट कमी निघाली, कारण पावसाळ्यातील बंद मीटरचे दिवस सरळ वगळले गेले. विकासकाने त्या दिवसांसाठी सरासरी धरावी असा आग्रह धरला होता, तो तपासनिसाने मान्य केला नाही, आणि मला त्याचे बरे वाटले.

विक्रीचा भाग त्या मानाने लवकर झाला. जानेवारी २०२३ मध्ये ‘द गार्डियन’ आणि जर्मनीच्या ‘डी त्साइट’ यांनी वर्षावनांची बहुतेक क्रेडिट पोकळ असल्याचे जे छापले, त्यानंतर खरेदीदार खोलात जाऊन प्रश्न विचारतात. आमच्या खरेदीदारालाही गोठ्यांची यादी, मोजमापाच्या वह्या, इतकेच काय सभेचे इतिवृत्तही हवे होते. हे सगळे तयार असल्यामुळे भाव आम्ही धरला होता त्यापेक्षा बरा मिळाला. एका युरोपीय खरेदीदाराला मात्र पॅरिस कराराच्या सहाव्या कलमाखालील समायोजनासह क्रेडिट हवी होती, म्हणजे ती घट भारताच्या खात्यातून वजा होऊन त्याच्या वापरासाठी मोकळी व्हावी. अशा व्यवहारासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये तेरा प्रकारच्या कामांची यादी काढली आहे. तीत संपीडित बायोगॅस आहे, पण आमच्यासारखी गोठ्यावरची संयंत्रे नाहीत. तो व्यवहार सोडावा लागला. प्राप्तिकराबाबतही सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावा, कारण २०१७ मध्ये आणलेला दहा टक्के दर संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेने प्रमाणित केलेल्या क्रेडिटपुरता बोलतो, आणि गोल्ड स्टँडर्डसारख्या ऐच्छिक मानकाची क्रेडिट त्यात बसतात का यावर मतभेद आहेत.

शेतकऱ्यांचे पैसे दूध संस्थेच्या खात्यातून, दुधाच्या बिलाबरोबर पण वेगळ्या ओळीत, जमा झाले. एका मध्यम गोठ्याच्या वाट्याला आलेली रक्कम सिलिंडर आणि खत यांच्या बचतीच्या तुलनेत लहानच होती. संयंत्राच्या कर्जाचा हप्ता त्यातून पूर्ण भागत नाही. पण देखभालीचा, मीटरचा आणि त्या दोन मुलींच्या पगाराचा खर्च भागतो, आणि म्हणून संयंत्रे चालू राहतात. देशात आजवर बांधलेल्या गोबर गॅस संयंत्रांपैकी किती तरी केवळ देखभालीअभावी बंद पडली, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या पैशाचे मोल कळेल. ज्याला यात उद्योग करायचा आहे त्याने क्रेडिट विकत घेऊन भाव चढण्याची वाट पाहण्यापेक्षा मोजमाप, देखभाल आणि नोंदी यांची सेवा उभी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

देशातील बाजारही आता आकार घेत आहे. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तीत ऐच्छिक प्रकल्पांसाठी ऑफसेटची शाखा जोडली गेली. योजनेचा कारभार ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोकडे, म्हणजे बीईईकडे, नोंदवही ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडियाकडे आणि व्यापाराचे नियमन केंद्रीय वीज नियामक आयोगाकडे आहे. मार्च २०२५ मध्ये ब्यूरोने ऑफसेटसाठी पहिल्या आठ कार्यपद्धती जाहीर केल्या, आणि त्यांत घरे व लहान गोठ्यांवरील शेणातून मिथेन पकडण्याची एक आहे. तीच घट दोन नोंदवह्यांत दाखवता येत नाही, त्यामुळे छत्राखाली आलेले गोठे मुदत संपेपर्यंत तेथेच राहतील. पेडणे आणि केपे भागातून नव्याने आलेल्या गोठ्यांबाबत संस्थेने निर्णय राखून ठेवला आहे. दोन्ही योजनांचे खर्च समोर आल्यावर तो घेतला जाईल. तोपर्यंत त्या गोठ्यांच्या खड्ड्यांची खोली, उपशाचे दिवस आणि जनावरांची संख्या यांची तारीखवार नोंद आम्ही सुरू केली आहे, कारण एकदा खड्डा बुजवून संयंत्र बांधले की बेसलाइनचा पुरावा पुन्हा मिळत नाही.